ब्रेकवर मी

९ मे २०१६

कचरूच्या मातीला पोचलो, पण तोंड बघायला मिळालं न्हाई. बीडच्या दवाखान्यातून बांधूनच आणलं होतं. भामामाय, त्याची आई, म्हणली, "नको बघू धर्मा. हसताना बघितलंस तेच असू दे."

चाकणला कंपनीत सुपरवायझर विचारत होता, "सख्खा भाऊ होता का?" मी म्हणलो, होता. भामामायच्या एकाच ताटात वाढलो आमी दोघं. खोटं कुठं बोललो!

त्रिशरण झालं, पंचशील झालं. समद्यांनी हात जोडले. मीबी जोडले. समोर दूध संस्थेचा चेअरमन मोहनराव उभा. पांढरे कपडे, डोळ्याला रुमाल. त्याच्याच विहिरीच्या यारीवर, दगड-माती वर ओढायच्या मशिनीवर, कचरू मेला, अन् हा डोळे पुसतोय!

मातीहून आल्यावर अंघोळ करावी तर टँकर आलाच न्हाई. एका घमेल्यात थोडं पाणी, समद्यांनी त्यातच हात बुडवले. शेवटी माझा नंबर. पाणी काळं झालं होतं.

पालीहून दोन म्हातारे आलते. ना नात्यातले, ना जातीतले. एक म्हणला, "आमच्या खडकातून यानं पाणी काढलं बाबा. आज बी त्याच विहिरीचं पिऊन निघालो." चौसाळ्याकडं बी त्याच्या हातच्या विहिरी हायत. मी पाच वर्षं गाडीच्या दाराला बिजागरी बसवतोय. कुठली गाडी, कोणाचं दार, काय पत्ता न्हाई. मी मेलो तर कोण म्हणेल, याचं पाणी पिऊन आलो?

१० मे

निवृत्तीला गाठला. त्या दिवशी यारीच्या ब्रेकवर तोच होता.  मला बघून रडला.

चार दिवस झाले ब्रेक घसरत होता म्हणला. वायरच्या टोकाला पाळणा, पाळण्यात माणूस, अन् त्याचा जीव वरच्याच्या ब्रेकवर. कचरूनं स्वतः मोहनरावाला सांगितलं होतं, ब्रेकचा पट्टा झिजलाय. मोहनराव म्हणला, "छावणीतली जनावरं तान्हेली हायत. दोन-चार खेपा काढा, मग बघू." निवृत्तीनं लाकडाची पाचर मारून ब्रेक धरला. वर पाळणा भरून आला की कचरू खालून म्हणायचा, "निवऱ्या, तुझी पाचर झोपली का रं?" हसायचा बी.

त्या दिवशी कचरू पाळण्यात असताना पाचर उडाली.

निवृत्ती म्हणला, "मी न्हाई आता हात लावणार त्या ब्रेकच्या दांडीला. उपाशी मरीन."

 मारायचा माणूस हा न्हाई.

११ मे

यारीला नवा पट्टा! कचरूला जाळून दोन दिवस झाले न्हाईत तोवर बीडहून माणूस आला, पट्टा टाकून गेला. मी काठावर उभा राहून बघितला, काळाभोर, कोरा. चहा प्यायला वेळ लागतो तेवढ्यात काम झालं. तेवढाच वेळ न्हवता मोहनरावाकडं!

पोलीस अपघात लिहून गेले.

१२ मे

चाकणहून फोन. "कवा येतो बे?" बंद करून टाकला.

१३ मे

जलदान विधी झाला. पाणी कुठून आणावं यावर बायका कुजबुजत होत्या. भामामाय म्हणली, "त्याच्याच विहिरीचं आणा." अर्ध्या खोदलेल्या विहिरीचं गढूळ, तांबडं पाणी. तिनं धार धरली, शेवटपर्यंत तुटू दिली न्हाई. झाल्यावर ताटातलं पाणी सांडू दिलं न्हाई, शेळीला पाजलं.

मग शोकसभा. मोहनराव उठला. "कैलासवासी कचरू—" मागून आमच्या वस्तीतला आप्पा ओरडला, "कालकथित म्हणा! आमच्यात कैलास न्हाई!" मोहनराव हसला, हात जोडले. म्हणला, या विहिरीला कचरूचं नाव देऊ, काठावर दगड बसवू. खाली संस्थेचं नाव, चेअरमनचं नाव. टाळ्या पडल्या! माझं डोकं फिरलं. मारायचं बी यानं अन् दगडावर नाव बी याचंच!

उठलो. म्हणलो, "विहीर अर्धीच हाय, चेअरमन साहेब. खाली उतरायला एकबी गडी तयार न्हाई. आधी तुमी उतरा. मग आमी उतरू."

 मग बायकांतून आवाज आला, "खरं हाय!" मग अजून एक. मोहनरावाला घाम. पण इतक्या लोकांत मागं कसा सरकणार? "उतरतो की! नवा पट्टा हाय, भ्यायचं कावून? परवा सकाळी नारळ फोडू, पहिला पाळणा माझा." मग इकडं तिकडं बघून, "पण ब्रेकवर कोण?"

निवृत्ती उठून मागं गेला. मोहनरावच म्हणला, "धर्मा बसू दे. कंपनीतला गडी हाय, मशिनीचं कळतं. आपला विश्वास हाय त्याच्यावर."

विश्वास हाय!

१४ मे

दुपारी यारीकडं गेलो. उन्हानं माणूस न्हाई, कुत्रं न्हाई. पाना खिशात होता. पट्ट्याची मोठी नट ढिली केली. पुरी काढली न्हाई, दोन आट्यांवर ठेवली. मोकळ्या पाळण्याला ब्रेक धरेल. माणूस बसून खाली निघाला की सुटेल.

हातानं दांडी सोडली तर खून. नट सुटली तर अपघात. कचरूचा झाला तसाच! तेच पोलीस येतील, तोच कागद.

 कंपनीत दिवसभर नटाच आवळतो. ढिली पहिल्यांदा केली.

घरी येऊन भामामायकडं भाकर खाल्ली. म्हणली, "आज बरा जेवलास." भूक होती.

१५ मे

सारा गाव काठावर. मोहनराव हार घालून. नारळ फुटला. मी दांडी धरून.

मोहनरावानं पाळण्यात पाय टाकला तेवढ्यात भामामाय पुढं आली. "तुमी मागून जा मोहनराव. आधी मी. माझा पोरगा कुठं पडला ते बघायचंय मला." कोण अडवणार तिला? हाताला धरून बसवली. बसली, वर माझ्याकडं बघितलं, म्हणली, "सोड रं धर्मा, हळू."

मी ओरडलो. थांबा! नट ढिली हाय! मी केली! मोहनरावासाठी केली!

मोहनराव तोंड फाकून मागं सरला. निवृत्तीनं पाळण्याची कडी धरून ठेवली. आप्पानं माझी गचांडी धरली. कोणीतरी "पोलीस, पोलीस" म्हणत होतं.

भामामाय उतरली न्हाई. पाळण्यातूनच म्हणली, "आप्पा, सोड त्याला. धर्मा, आवळ. तूच आवळ, अन् तूच उतरव मला."

आवळली. उतरवली.