एकशे चव्वेचाळीसचा बोर्ड

गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला स्नोबोर्ड किती कडक हवा? दुकानात दिवसातून दहा जणांना मी हे बिनचूक सांगते. तुझ्यासाठी मात्र मला उत्तर सापडत नाही.

मी मजेत आहे. आई-बाबांना नमस्कार. भाड्याने दिलेले बूट वाळवून वाळवून हातांना वास येतो, एवढीच तक्रार. फोनवर माझ्या आवाजावरून तू लगेच सगळं ओळखतेस, म्हणून पत्र.

तुझी चिठ्ठी दुकानाच्या मालककाकांनी मोठ्यांदा वाचली. "पुढच्या हिवाळ्यात शर्यत आहे. एकशे पंचावन्न सेंटिमीटरचा, सगळ्यात कडक बघ. बायकांचा म्हणून काहीतरी मऊ गळ्यात मारू नकोस, पदवीधरबाई!"

"बहीण आहे की हेडमास्तर?" म्हणत काकांनी लगेच तो बोर्ड काढला. काय देखणा आहे गं! कितीही वेगात त्याची कड बर्फ सोडत नाही. पण तो वाकवायला अंगात वजन लागतं, पायात जोर लागतो. काकांनी तुझं वजन विचारलं. मी बासष्ट किलो सांगितलं, तुझं जुनं.

मागच्या महिन्यात दवाखान्याच्या काट्यावर तू सत्तेचाळीस होतीस. "काटाच बिघडलाय," म्हणत तू उतरलीस आणि मी हसले.

त्याच दिवशी रिपोर्ट आला. बाबा म्हणाले, "घरात एकच शिकलेली आहे, ती वाचेल." तुम्ही तिघं माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी दोन पानं वाचली, तिसरं घडी घालून पर्समध्ये टाकलं. "अशक्तपणा आहे, विश्रांती घ्यायला सांगितलीय," म्हणाले. आईने लगेच चहा टाकला. माझं कॉलेज पुरं व्हावं म्हणून तू दोन हिवाळे शर्यती सोडून लोकांना उतारावर शिकवत होतीस. त्याच शिक्षणाने मी तुला फसवलं.

काल घरी न कळवता डॉक्टरांना एकटीच भेटले. पुढच्या हिवाळ्याचं विचारलं. ते टेबलावरचं पेन सरळ करत बसले. मग या महिन्याचं विचारलं. म्हणाले, "अगदी सौम्य उतार, सोबत कुणीतरी. आणि आधी तिला खरं कळू दे."

बर्फ अजून तीन आठवडे आहे, ताई.

मी शनिवारी येतेय. सोबतचा कागद एकटीने वाचायचा धीर होत नसेल, तर तोवर थांब. आई-बाबांना आपण दोघी मिळून सांगू.

कडक बोर्ड मी फळीवर परत ठेवला. एकशे चव्वेचाळीसचा, सत्तेचाळीस किलोला वाकेल असा, आज सकाळी तुझ्या नावाने पाठवला. बायकांचा म्हणून मऊ नाही गं. तुझा म्हणून.

तिसरं पान, खाली मराठीत अर्थ लिहून, याच पाकिटात घातलंय.

तुझी,
या वेळी काहीही न गाळणारी
पदवीधरबाई