कुठं बसून खेळणार ती?

प्रिय दादा,

पाकीट बघून तू दचकशील. आपल्या घरात कोण कोणाला पत्र लिहितं? फोन असताना हे काय नवीन, असं म्हणशील. पण फोनवर मला बोलता येत नाही रे. आत्या शेजारीच बसलेली असते, म्हणते स्पीकर लाव, मला पण ऐकू दे माझ्या भाच्याचा आवाज. आणि व्हॉइस मेसेज पाठवावा तर तू तो आईला पुढं पाठवतोस. सातवी सुटल्यापासून मी पेन धरला तो फक्त माझ्या मृणूच्या शाळेच्या डायरीत सही करायला. चुका होतील. हसू नकोस, आणि हसलास तरी शेवटपर्यंत वाच.

आईनं सांगितलं, चैत्रात देगलूरला तुझा आणि राणीचा साखरपुडा. मी आत्याच्या ओमकारशी लग्न करून तिच्या घरी आले, आता आत्याची लेक आपल्या घरी जाणार. माझी नणंद माझी वहिनी होणार. आत्या तर अशी खूश आहे की इथल्या कुकटपल्लीच्या भाजीवाल्यालासुद्धा सांगून आली. मी पण खूश आहे, देवाशपथ. पण त्या साखरपुड्याच्या आधी तुला एक गोष्ट कळायला पाहिजे. ती तुझ्याच भल्याची आहे, राणीच्या पण, आणि ती सांगायला माझी छाती होत नव्हती. आज सांगते. जरा मागून सुरू करते, एकदम लिहायला जमत नाही.

तू माझ्यावर रागावलास ते त्या खेळायच्या यंत्रावरून. मृणूच्या वाढदिवसाच्या आधी तू फोन केला होतास. म्हणलास, त्रिवे, नीट ऐक, दोन वस्तू आहेत. एक नुसती खेळायची, छोटी, हलकी, कार्ड घातलं की चालू, पोरगी स्वतः चालवेल. दुसरी म्हणजे पूर्ण कॉम्प्युटरच, फक्त हातात धरायचा. खेळ लई, सेलमध्ये स्वस्त मिळतात, कीबोर्ड लावला की अभ्यास पण होतो, पण वजनाला जड आणि चार्जिंग पटकन उतरतं. किती हौसेनं सांगत होतास! मला अर्धं कळलं, अर्धं नाही. मग तू विचारलंस, कुठं बसून खेळणार ती? जवळ प्लग असतो का? एका वेळी किती वेळ खेळेल? दुकानदार विचारत नाही इतकं तू विचारलंस. मी आत्याकडं बघितलं. आत्या माझ्याकडं बघत होती. मी म्हणलं, घरीच खेळेल, टेबलापाशी, प्लग आहे की बाजूलाच. मग तू म्हणलास, असं असेल तर डोळे झाकून कॉम्प्युटरवालं घेतो, पोरगी मोठी झाली तरी कामाला येईल. तू बरोबरच केलंस दादा. तुला मीच चुकीचं सांगितलं होतं.

मृणू ते यंत्र घरी नाही, दवाखान्यात खेळणार होती. दोन वर्षं झाली, दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवतात. आम्ही तुम्हाला सांगायचो अशक्तपणा आहे, टॉनिक चालू आहे. ते टॉनिक म्हणजे हेच. लहानपणी पिवळी पडायची, खेळताना खाली बसायची, आपल्याला वाटायचं खात नाही म्हणून. आत्यानं तर तिच्यासाठी लोखंडाची कढई आणली, रोज गूळ, खारीक, बीट. पोरगी आणखीनच मलूल. मग मोठ्या दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई आमच्यावरच ओरडल्या, की हिला लोखंड नका देऊ, आता रक्त चढवावं लागेल, त्यातूनच हिच्या अंगात ते साठत जाईल. आत्या घरी येऊन कढई माळ्यावर टाकून रडली. तिला वाईट म्हणू नकोस. तिचा जीव आहे मृणूवर. पण त्याच दिवशी तिनं आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, हे घराबाहेर जाता कामा नये, राणीचं लग्न व्हायचंय, लोक म्हणतील यांच्या घरात रक्ताचा रोग आहे. ओमकारला मी दोनतीनदा म्हणलं, निदान दादाला तरी सांगू. तो म्हणायचा, आईला विचारतो. त्याचं विचारणं तुला माहीतच आहे.

रक्त चढवायला सकाळी जातो ते दुपार टळून जाते. हातात सुई, हात हलवायचा नाही. सात वर्षांच्या पोरीनं इतका वेळ काय करायचं? भिंतीकडं बघते. आधी माझ्या फोनवर कार्टून बघायची, मग डोळे दुखायला लागले, कंटाळली. सुई टोचताना रडत नाही ती, नंतर रडते, नुसतं बसून बसून. म्हणून तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, देवच पावला.

तुझं पार्सल आलं तेव्हा घरात काय आनंद! ओमकार म्हणला, आपल्या घरात कॉम्प्युटर आला. राणीनं त्याला हळदकुंकू लावलं, मी म्हणलं अगं आत जाईल. पुढच्या वेळी मी ते दुपट्ट्यात गुंडाळून दवाखान्यात नेलं. मृणूनं बाजूच्या पलंगावरच्या पोरीला आधीच सांगून ठेवलं होतं, मेरे मामा ने भेजे. सुई लागली, रक्त सुरू झालं, आणि हिनं बटण दाबलं तर पडद्यावर नुसतं गोल गोल फिरायला लागलं. अपडेट होतंय, बंद करू नका. मी ओमकारला कामावर फोन केला, तो म्हणला नेट जोड. कसं जोडायचं मला कुठं माहीत? एका पेशंटच्या भावानं त्याच्या फोनवरून जोडून दिलं. पाऊण तास ते फिरतच राहिलं, वरून गरम वारा यायला लागला, पंखा असा घुमायला लागला की पलीकडची म्हातारी उठून बसली. शेवटी खेळ लागला. मृणूचं तोंड बघायला तू पाहिजे होतास. गाडीचा खेळ होता, ती अशी वाकत होती जसं काय तीच वळणावर चाललीय. आणि थोड्या वेळात लाल बॅटरी आली. पलंगाजवळ एकच प्लग, त्यात रक्ताचं मशीन लावलेलं. मी परेशान होऊन हात लावायला गेले तर सिस्टर धावत आली, वद्दु अम्मा, वद्दु! नको म्हणून. मृणूला ती पापा म्हणते, इकडं लहान पोरीला तसंच म्हणतात. म्हणली, पापाचं मशीन आधी, खेळ नंतर.

मृणूला घाई झाली, बंद व्हायच्या आत शर्यत संपवायची होती. यंत्र जड. सुईच्या हातानं तिला नीट धरता येईना, घसरलं आणि सुईवर पडलं. नळी ओढली गेली. हात फुगला, चादरीवर रक्त सांडलं, कोणाचं तरी दिलेलं रक्त. सुई काढून दुसऱ्या हाताला टोचावी लागली, शीर सापडेना, तीनदा टोचलं. त्या दिवशी ती ओरडून रडली. आणि रडता रडता मला म्हणते, आई, मामाला सांगू नको, त्याला वाईट वाटेल.

बाजूच्या पलंगावरच्या पोरीची आई जुन्या शहरातली आहे, शमीम आपा. बोलायला तिखट पण माणूस सोन्यासारखं. ती मला म्हणली, ऐसा बड़ा मशीन कायकू लाए बहन, बच्ची के हाथ में नई ठैरता, जिने लाके दिए उनकू पूछना था ना. मी काय सांगणार तिला, की ज्यानं दिलं त्यानं तर सगळं विचारलं होतं. तिच्या पोरीकडं ते दुसरं होतं, तू आधी सांगितलेलं छोटं. पडदा मागच्या काडीच्या टेकूवर समोर उभा राहतो, बाजूचे दोन तुकडे सुटे होतात, एक तुकडा मोकळ्या हातात धरला की झालं. सुईचा हात उशीवर निवांत. सकाळी घरून चार्ज करून आणतात, रक्त संपेपर्यंत चालतं. मध्येच बंद केलं तरी खेळ तिथंच थांबून राहतो. खेळ मोजकेच आहेत, महाग आहेत, आपा म्हणते एक कार्ड ईद कू, दूसरा पास हुई तो. पण त्या खोलीत तेच उपयोगाचं. तिनं स्वतःच्या पोरीला सांगून एक तुकडा मृणूच्या हातात दिला, दोघी एकाच पडद्यावर खेळत बसल्या.

तू दिलेलं वाईट आहे असं नाही म्हणत मी. घरी टेबलावर, प्लगला लावून, टीव्हीला जोडून ते असं चालतं की शेजारची पोरं दारात उभी राहतात. राणी त्याला कीबोर्ड लावून टॅलीचा क्लास करते. ओमकार रविवारी त्यावर क्रिकेट खेळतो. तू सांगितलं होतंस तितकं सगळं त्यात आहे. मी सांगितलं होतं त्यातलं मात्र एकही खरं नव्हतं. मग तू व्हिडिओ कॉल केलास, त्यात ओमकार खेळताना दिसला आणि मृणू नुसती शेजारी बसलेली. तू म्हणलास, भाचीसाठी घेतलं होतं, जावयाचं खेळणं नव्हतं, आवडलं नाही तर तोंड उघडून सांगायचं. तेव्हापासून तुझा फोन आईकडं येतो, माझ्याकडं येत नाही. तुझा राग बरोबर आहे. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, नुसत्या यंत्रापुरतं नाही.

कारण हे रक्ताचं दुखणं बाहेरून आलेलं नाही दादा. त्याचं नाव थॅलेसेमिया, हे मी वॉर्डाच्या बोर्डावर बघून लिहिलंय. डॉक्टरीणबाईंनी मला आणि ओमकारला समोर बसवून समजावलं. आमच्या दोघांच्याही रक्तात ते अर्धं अर्धं आहे. अर्धं असलेल्याला काही होत नाही, मी बघ ना, धडधाकट आहे. पण आईबाप दोघंही अर्धे असले तर प्रत्येक लेकराच्या वेळी भीती असते, चारातलं एक असं निघतं. त्यांनी विचारलं, नात्यातलं लग्न का? मी म्हणलं, हौ, आत्याच्या घरात दिलं मला. आत्या आणि आपले बाबा सख्खे भाऊबहीण. तिथूनच दोन्ही घरांत आलं असेल म्हणाल्या. आत्या मला रोज विचारते, मृणूला भाऊ कधी? मी पाणी आणायला म्हणून उठते. डॉक्टरीणबाईंकडून घरी आल्यावर त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, तुझ्यात पण असेल, आणि मी ते गिळून टाकलं. तेव्हा तुझं लग्न कुठं ठरलं होतं, असं स्वतःला समजावलं. आता ठरलंय.

मागच्या वेळी ओमकारला सुट्टी नव्हती म्हणून राणी आली माझ्यासोबत. डॉक्टरीणबाईंनी तिला सहज विचारलं, तू कोण, लग्न झालं का, तपासणी केलीस का? राणीनं हात पुढं केला. परवा निकाल आला. तिच्यात पण अर्धं आहे. बसस्टॉपवर मला धरून रडली नाही ती, उलट म्हणली, वहिनी, त्यांच्यात नसेल तर काही भीती नाही ना? नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. म्हणून हे पत्र. साखरपुड्याच्या आधी तू पुण्यात एक रक्ताची तपासणी करून घे, थॅलेसेमियाची म्हणून सांग, लगेच करतात. तुझ्यात नसलं तर वाजतगाजत ये. असलं तर तू आणि राणी दोघं डॉक्टरला भेटून काय ते ठरवा, मी मध्ये पडणार नाही. पण दादा, नाही म्हणायची वेळ आली तर राणीच्या रक्ताचं नाव घेऊ नकोस. म्हण मला आत्ता लग्न करायचं नाही, म्हण माझ्या मनात दुसरी आहे, काय वाटेल ते म्हण, आत्याच्या शिव्या तू खा. तिच्यावर ठपका येऊ देऊ नकोस. ती आत बसलीय, काय लिहिलंय ते वाचणार नाही म्हणाली. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात उद्या हे पत्र तीच टाकणार आहे. माझं अक्षर पोस्टमनला लागेल की नाही म्हणून पत्ता मी तिच्याकडून लिहून घेतलाय. पाकिटावर तुझं नाव आहे ना, ते तिनं लिहिलंय.

तुझीच,
त्रिवेणी