निकोलोचा दिवा

प्रिय नीवेस,

काल खारवलेल्या मासोळ्यांची बरणी भरताना तुझी फार आठवण आली. तुझ्या तुरिनमध्ये म्हणे डब्यातल्याच मिळतात! गेल्या आठवड्यात आपल्या शाळेतल्या सिस्टर आग्नेसे गेल्या. फादर म्हणाले, "त्यांचं तारू बंदराला लागलं." सिस्टरही आपल्याला हेच शिकवायच्या ना, आयुष्य म्हणजे सफर आणि मरण म्हणजे बंदर? आणि घरी तुझी आजी फणकारायची, "बंदर कसलं डोंबलाचं! समुद्र माणूस खातो, हाडंसुद्धा परत देत नाही."

मग आपली पाळी आली. तुझा भाऊ निकोलो, माझ्याशी साखरपुडा झालेला, होडी घेऊन गेला तो आलाच नाही. 'बंदराला लागला' म्हणवेना, 'समुद्रानं खाल्ला' तर त्याहून नाही. म्हणून तुझी आई आणि मी इथल्या बायकांसारखं म्हणत राहिलो, "निकोलो बाहेर आहे." जणू मासे जरा लांब गेलेत, एवढंच. दर ऑगस्टात गाव आपल्या गेलेल्या माणसांसाठी लाटांवर दिवे सोडतं. निकोलोचा दिवा आपण कधी सोडलाच नाही. समुद्र दिसणार नाही अशा शहरात तू निघून गेलीस. मी इथेच केस पिकवले.

आता तरुण मुली निराळंच बोलतात. शेजारच्या जेम्माचा नवरा वारला, तर ती म्हणते, "तो समुद्रच झालाय. रोज पोहायला जाते त्याच्याकडे." मी आधी दचकले, मग मला तिचा हेवा वाटला.

एत्तोरे आठवतो? प्रार्थनेच्या वेळी मागून तुझी वेणी ओढणारा? बायको गेल्यापासून एकटाच असतो, मला ताजे मासे आणून देतो. परवा दारात उभा राहून म्हणाला, "एर्सिलिया, निकोलो बाहेर आहे, ठाऊक आहे मला. पण मी आत येऊ का? कायमचा?" मी म्हटलं, "आधी बूट पूस, मेल्या!"

कॉफी पिऊन गेला. उत्तर मात्र मी दिलेलं नाही. पहिला दिवा रक्ताच्या माणसानंच सोडायचा ही आपली रीत, आणि निकोलोचं रक्ताचं आता तुझ्याशिवाय कुणी नाही. तो सुटेपर्यंत मी निकोलोची वाट पाहणारीच. म्हणून हे पत्र. ऑगस्टात ये, नीवेस. पाण्याकडे बघवलं नाही तर माझा हात धर. काडी मी ओढते, दिवा तू सोड. आणि तो लांब गेला की दोघी मिळून त्याला सांगू, "निकोलो, तू घरी पोच. आम्ही अजून बाहेर आहोत. यायला जरा उशीर होईल."

वाट पाहण्यात मुरलेली,
तुझीच
एर्सिलिया