भिंतीकडे तोंड केलेलं चाक

रास अल खोर, दुबई
शुक्रवार, १२ मार्च १९९९

प्रिय कावेरी,

अक्षर बघून घाबरू नकोस. बालवाडीतल्या पोराचं नाही, तुझ्या नवऱ्याचंच आहे. गेले सात महिने माझी पत्रं खोलीतला समाधान लिहायचा. मी खाटेवर बसून सांगायचो, तो लिहायचा, म्हणून त्यांत अक्षरही सुरेख आणि बातम्याही सुरेख. हे पत्र मात्र मी डाव्या हातानं लिहितोय आणि त्यात माझे सुट्टीचे दोन शुक्रवार गेलेत. आपल्या गावचा विष्णू सोमवारी रजेवर निघतोय, त्याच्या हाती देतो. तो चहाला टेकला तर त्याला खोदून खोदून विचारू नकोस. जे सांगायचं ते मीच सांगणार आहे.

ऑगस्टमध्ये मी कळवलं होतं की बोटाला थोडं लागलंय. थोडं नव्हतं. आठ इंची पाइप घोडीवरून घरंगळला आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं घेऊन गेला. अंगठा आणि करंगळी आहे. कंपनीनं दवाखान्याचं नीट केलं, खोटं कशाला बोलू. पण बरा होऊन आलो तर मला स्टोअरमध्ये नटबोल्ट वेगळे करायला बसवलं. एकोणीस वर्षांचा पाइप फिटर, मुंबईत सहा आणि इथे तेरा, आणि माझ्यासमोर दोन डबे: गंजलेले इकडे, चांगले तिकडे. आमचा फोरमन खैरुद्दीन येता-जाता म्हणायचा, खलास रामभाई, अब गाँव जाके आराम करो. वाईट मनानं नाही म्हणायचा. पण रोज ऐकलं की चांगल्या मनाचंही डोक्यात जातं.

एक दिवस डबे तसेच टाकून मी वर ड्रॉइंग ऑफिसच्या काचेपाशी जाऊन उभा राहिलो. ज्या कागदांवरून मी जन्मभर पाइप जोडले ते कागद तिथे कॉम्प्युटरवर निघतात. बघतो तर सगळी मंडळी एका हातानं काम करतायत, माउस धरून. दुसरा हात चहाच्या कपावर. म्हटलं, एक हात तर माझ्याकडेही आहे. ऑफिसचे मुख्य यूनुस साहेब, कराचीचे. त्यांना जाऊन सांगितलं की मला हे काम शिकायचंय. ते हसले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. म्हणाले, शिकून या, मार्चमध्ये परीक्षा घेईन. पास झालात तर वर बसा, नाही तर कंपनी तिकीट काढेल.

मग आठवड्यातून तीन संध्याकाळी बसनं शहराच्या देरा भागात क्लास. शिकवायला पुण्याच्या मैथिली बाई. आत्ता भुवया वर केल्यास ना? त्या तीस वर्षांच्या, नवरा बँकेत, आणि जिभेला अशी धार की तुझी आठवण यावी. बाकीची मुलं वीस-बावीस वर्षांची, मला अंकल म्हणायची. पहिला महिना माउस माझ्या डाव्या हातात उंदरासारखाच पळायचा. दोन वेळा क्लास सोडायचा विचार केला आणि दोन्ही वेळा ते नटबोल्टचे डबे डोळ्यांसमोर आले.

पाइपच्या ड्रॉइंगला आयसोमेट्रिक म्हणतात. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून बघितल्यासारखं सगळं एकाच चित्रात दिसतं: लांबी, रुंदी, उंची. बाईंनी स्क्रीनवर ठिपके आणले. आधी ते चौकोनात होते, मग त्यांनी काहीतरी बदललं आणि ते तिरके बसले. आणि मी वर्गात मोठ्यानं म्हणालो की ही तर आमच्या कावेरीची तुळशीपुढची रांगोळी. वरच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध खालचा ठिपका, अगदी तशीच. सगळा वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर, आणि त्या ठिपक्यांवरून फक्त तीनच वाटांनी चालायचं: सरळ वर, उजवीकडे तिरकं, डावीकडे तिरकं. एक बटण दाबलं की कर्सर वाट बदलतो. मापंही याच तीन वाटांवर खरी. मधल्या आडवाटेनं रेघ मारून तिला पट्टी लावली की फसलात. मी फसलोच. शिवाय पाइप जोडायला त्याच्या तोंडाशी चकतीसारखा असतो तो फ्लँज मी गोलच काढला, तर तो चित्रावर पापड चिकटवल्यासारखा दिसायला लागला. तिथे गोल अंड्यासारखा काढावा लागतो, आणि अंड्याचा कल चुकला की वर बघणारी वस्तू भिंतीकडे बघायला लागते. हे शेवटचं ध्यानात ठेव, पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं.

परीक्षा गेल्या महिन्याच्या अखेरीलाच घेतली, ठरल्यापेक्षा आधी. घाई का, ते तेव्हा मला कळलं नाही. यूनुस साहेबांनी एक जुनं हातानं काढलेलं ड्रॉइंग दिलं आणि म्हणाले, हे जसंच्या तसं कॉम्प्युटरवर काढा. मी चार तासांत काढलं. रेघा स्वच्छ, मापं बरोबर. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, एका व्हॉल्व्हभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला आणि म्हणाले, नापास. त्या व्हॉल्व्हचं चाक मूळ कागदावर भिंतीकडे होतं, माझ्या कागदावर बाहेर.

खरं सांगतो, ते मी केलंय हे मलाच ठाऊक नव्हतं. ही आम्हा फिटरांची सवय आहे. कागदावर चाक भिंतीकडे दाखवलेलं असतं, तिथे माणसाचा हात जाणार नाही हे आम्हाला दिसतं, आम्ही फ्लँज फिरवतो, चाक बाहेर काढतो आणि गप्प बसतो. वर सांगायला गेलं तर साहेब चिडणार, काम थांबणार आणि आपण उन्हात उभे. म्हणून एकोणीस वर्षं आम्ही ऑफिसच्या चुका निस्तरतोय आणि ऑफिसला वाटतंय की आपण चुकतच नाही. परीक्षेतही माझ्या हातानं तेच केलं.

आजवर मी साहेबांपुढे मान खाली घालत आलो. त्या दिवशी नाही घातली. खाली वर्कशॉपमध्ये गेलो, वेल्डिंगची एक सळी घेतली, पकडीत एक टोक अडकवून डाव्या हातानं ती लाइन जशी वळते तशी वाकवली. नवी लाइन समजून घ्यायला आम्ही नेहमी असंच करतो. व्हॉल्व्हच्या जागी छोटं खरं चाक बांधलं आणि ते सगळं वर नेऊन साहेबांच्या पत्र्याच्या कपाटाला टेकवलं, कागदात होतं तसंच, चाक कपाटाकडे. म्हटलं, साहेब, पाणी बंद करा. ते उठले आणि त्यांनी खरंच हात घातला. बोटांची हाडं कपाटावर घासली, चाक काही फिरलं नाही. ऑफिसमध्ये सगळ्यांची कामं थांबली होती. मी म्हटलं, मी चूक उतरवायला शिकलो नाही, पाइप काढायला शिकलो. हे जर नापास असेल तर लेखी द्या.

त्यांनी हात काढून घेतला आणि सळी टेबलावर आडवी ठेवली. मग विचारलं, अशी किती चाकं फिरवलीत? म्हटलं, मोजली नाहीत. ते म्हणाले, नापास तर तुम्ही आहातच, कारण फिरवलंत पण कुठे लिहिलं नाहीत. उद्या दुसरा माणूस मूळ कागद बघून पुन्हा तीच चूक करील. पुन्हा काढा, बदल लिहा, खाली नाव घाला. मला हे पटलं, आणि पटलं म्हणून जास्त झोंबलं. पुन्हा काढलं. काय बदललं आणि का, दोन ओळींत लिहिलं आणि चौकटीत माझं नाव टाकलं. दुसऱ्या दिवशीपासून मी वर बसतो. तीन महिने कच्चा, मग पक्का. खैरुद्दीन आता खालून हात करतो आणि विचारतो, रामभाई, एसी ठंडा है ना?

आता तुझ्याकडे येतो. परीक्षा घाईनं का घेतली, ते मला परवा समजलं. पर्सोनेलमधला लियाकत माझं तिकीट घेऊन आला, आठ एप्रिल, गुरुवार, दुबई ते मुंबई. मी म्हटलं, अरे, मी पास झालोय. तो म्हणाला, हे कंपनीनं आपणहून नाही, तुमच्या घरच्यांच्या अर्जावर काढलंय. मग फाइलमधलं तुझं पत्र काढून त्यानं मला हिंदीत वाचून दाखवलं. इंग्रजी भाषा शाळेतल्या मास्तरांची, खाली सही तुझी. माझा नवरा हातानं निकामी झाला आहे, त्याला कृपा करून घरी पाठवा. ते पत्र फेब्रुवारीत आलं, म्हणून मला घरी धाडायच्या आत साहेबांनी परीक्षा उरकली. म्हणजे माझ्या बोटांचं तुला ठाऊक होतं. कुणी सांगितलं ते विचारत नाही, विष्णूची बायको तुमच्याच विहिरीवर पाणी भरते. मी बोटं लपवली, तू अर्ज लपवलास, फिट्टंफाट. तू कशापायी लिहिलंस तेही मला कळतं. तेरा वर्षं तू एकटीनं घर ओढलंस, आपली लेक सोनम तापानं फणफणली की रात्र रात्र जागलीस. नवरा घरी हवा असं वाटण्यात तुझं काही चुकलं नाही. पण तो शब्द, कावेरी. आख्ख्या दुबईत तो मला कुणी म्हटला नाही, खैरुद्दीनसुद्धा नाही. तो माझ्या घरातून आला. मी निकामी नाही. दोन बोटांनी परत आलो असतो तर ओटीवर बसून तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो असतो आणि तू माझ्या हाताकडे, आणि त्यात आपण दोघंही संपलो असतो. तिकीट मी काल लियाकतच्या टेबलावर ठेवून आलो. आठ तारखेला सहार विमानतळावर कुणाला पाठवू नकोस, मी त्या विमानात नसेन. गणपतीला येईन, माझ्या रजेवर, माझ्या तिकिटानं. हा हात तेव्हा नीट बघ आणि मग काय भांडायचं ते माझ्याशी भांड, कंपनीशी नको.

तुझाच,
रामचंद्र