धुलाईची पायरी

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा! नवी नोकरी, नवं गाव आणि कंपनीचा दोन खोल्यांचा फ्लॅट, तोही इतका चकाचक की मी चपला हातात घेऊन आत शिरलो. पांढऱ्याशुभ्र भिंती, कोरी गादी, बाथरूममध्ये फिनेलचा वास. बायकोला फोन केला तर म्हणाली, चला, आमच्या किळसोबाच्या पसंतीला एक तरी घर उतरलं! किळसोबा म्हणजे अस्मादिक. मला कुणाचं उष्टं चालत नाही, आणि दुसऱ्याच्या कंगव्यात केस दिसला तरी माझं जेवण जातं. आता याला मी काय करू?

ती तिकडची कामं आवरून, चिमणीला घेऊन चोवीस तारखेला येईल. चिमणी, म्हणजे आमची लेक, चार वर्षांची आहे. दिसेल ते बोटाने चाचपायचं आणि तेच बोट तोंडात घालायचं, हा तिचा सध्याचा उद्योग. अशा पोरीला असंच घर हवं.

६ मार्च, बुधवार

काम समजलं. कंपनीत कुणाला कॉम्प्युटर लागला की तो अर्ज टाकतो. आमची प्रणाली साठ्यातला एक काढून देते, काम संपलं की परत घेते, आधीच्याचं सगळं धुऊनपुसून टाकते आणि तो पुन्हा साठ्यात ठेवते. प्रत्येक प्रकारच्या वस्तूसाठी वेगळं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा वेगळा तुकडा असतो आणि ती मॉड्यूलं मी लिहायची. गंमत अशी की इथे टेबल, खुर्ची, फ्लॅट, सगळंच या प्रणालीतून मिळतं. शेजारी बसणारा दाढीवाला इथला जुना माणूस. तो म्हणाला, वस्तूला काय कळतंय आपण कॉम्प्युटर आहोत की कॉट!

माझ्या टेबलावर आधी कुणीतरी होता. तो गेला म्हणे. कुठे, ते दाढीवाल्याने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

९ मार्च, शनिवार

सकाळीच सफाईवाले दारात हजर. फ्लॅट म्हणे दर शनिवारी कागदोपत्री परत घेतात, धुतात आणि पुन्हा मलाच देतात. मला बाहेर काढून त्यांनी भिंतीसुद्धा घासल्या! मी दुपारपर्यंत जिन्यात बसून होतो, खुळ्यासारखा. स्वच्छता मलाही आवडते, पण मी राहतो त्या घरात इतकं घासण्यासारखं होतं तरी काय?

१२ मार्च, मंगळवार

आमच्या विभागप्रमुख मॅडमची तक्रार होती की वस्तू परत घ्यायला फार वेळ लागतो. मी चुटकीसरशी तोड काढली. परत घेताना धुवायचंच नाही. धुलाईची पायरी पुन्हा देताना ठेवायची. आणि पुढचा घेणारा आधीचाच असेल, तर तेव्हाही धुवायचं नाही. आपल्याच ताटात दुसऱ्यांदा वाढून घेताना आपण ताट थोडंच घासतो?

घेणारा तोच आहे हे ओळखायला मी टेबलाचा नंबर धरला. माणसांची नावं इथे सतरा तऱ्हांनी लिहितात, टेबल मात्र जागचं हलत नाही. मॅडम इतक्या खूष झाल्या की हा नियम त्यांनी सगळ्याच मॉड्यूलांना लावून टाकला. आपण तर बुवा दुसऱ्याच आठवड्यात छाप पाडली.

१७ मार्च, रविवार

काल सफाईवाले आले नाहीत. मजेत लोळलो.

आज बाथरूमचं पाणी तुंबलं म्हणून जाळी उचलली. खाली केसांचा गुंता. लांब, करडे, बुळबुळीत केस. माझे काळे आहेत, आखूड आहेत. कागदात धरून ओढायला लागलो तर संपेचनात. शी! शेवटी बेसिनपाशी जाऊन सगळा नाश्ता ओकलो.

१८ मार्च, सोमवार

गादीच्या मधोमध माणसाच्या पाठीएवढा ओलसर डाग. उशीला शिळ्या लाळेचा वास. ऑफिसात टेबलाचा खण उघडला तर आत दातांनी कुरतडलेली नखं. टाकून दिली. दुपारी पुन्हा होती, ओली.

दाढीवाल्याला विचारलं. तुझ्या टेबलावरचा आधीचा नखं खायचा, म्हणाला, आणि राहायचाही तुझ्याच फ्लॅटमध्ये. मग आवाज खाली आणून म्हणाला की दर शनिवारची ती धुलाई उगाच नव्हती. माणूस एका धुलाईत जात नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टेबल तेच, नंबर तोच. प्रणालीच्या लेखी तो आणि मी एकच आहोत. आमच्या दोघांत कधीच धुलाई होणार नाही.

२० मार्च, बुधवार

नियम बदलायला गेलो. मॅडम म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही. सफाईवाले म्हणतात, प्रणालीने सांगितल्याशिवाय येता येत नाही.

मग स्वतःच गादी घासली. निघालेलं पाणी घट्ट होतं, त्याला तार सुटत होती. घासलं तितकं वर आलं. माझा टूथब्रश मी तोंडात घालण्याआधीच ओला असतो. चौथा फेकला.

चिमणी या घरात येणार. बोटं घालणार. 

२२ मार्च, शुक्रवार

बायको फोनवर म्हणाली, आवाज का असा झालाय, आणि हे कचकच काय खातोयस?

नखं होती. माझी.

कंगव्यात करडे केस निघाले. माझ्याच डोक्यातले.

पण तोड सापडली! फ्लॅटसाठी बायकोच्या नावाने अर्ज टाकला. घेणारी वेगळी, तिला टेबलाचा नंबरच नाही, म्हणजे देण्याआधी धुलाई होणारच. मंजूरसुद्धा झाला. धुलाई रविवारी सकाळी, त्या दोघी पोचण्याआधी. आनंदाने रडू आलं. डोळ्यांतून आलं ते चिकट होतं.

२३ मार्च, शनिवार

धुलाईत आधीच्या घेणाऱ्याचं सगळं काढतात. सगळं. आधीचा घेणारा म्हणजे टेबलाचा नंबर — म्हणजे तो — आणि मी —

निघून जावं म्हटलं. भिंतीला टेकलो होतो, पाठ सुटत नाही. ओढली तर तार सुटते. स्वतःचीच इतकी किळस —

फोन हातात आहे. अर्ज रद्द करायचं बटण समोर आहे. रद्द केला तर मी वाचतो. पण मग घर असंच राहील, आणि चिमणी —

नाही. नाही केला रद्द.

२४ मार्च, रविवार

आले. बादल्या, ब्रश. एकाने माझ्याकडे बघून नाक धरलं. हा फार जुना दिसतो, म्हणाला. मी ओरडलो. त्यांना ऐकू —

फिनेल. दुखत नाही. फक्त कमी कमी —

गेले. गादी कोरी. भिंत पांढरी. एवढीशी जागा सोडून. दाढीवाला म्हणाला होता, एका धुलाईत —

कशाने लिहितोय, कळत नाही —

जिन्यात चिमणी. बायको हाका मारतेय मला. घर बघून खूष आहे. मी इथेच आहे गं, इथे —

चिमणी भिंतीपाशी आली. आई, इथे ओलं आहे, म्हणतेय. चाचपतेय. नको बाळा. ते बोट तोंडा