बाबांच्या खोलीतली भिंत

कुशल,

प्लांटमध्ये तुझा फोन बंद असतो, म्हणून लिहिते आहे. थंड-गरम दोन्ही देणारा एसी बसवायला आज मिस्त्री आला. बाबांच्या खोलीत त्याने भिंतीला ड्रिल लावलं, आणि पलंगावरून गुजरातीत आवाज आला, "भाई, नीचे लो, उपर बीम छे."

अर्धांगवायूनंतर आठ महिन्यांनी बाबा बोलले, रे. मिस्त्रीने ठोकून पाहिलं, खरंच बीम होता. 

मी गोत्री भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांना सांगायला जाते आहे. शेजारच्या चिमणाकाकू बाबांजवळ बसल्यात. आज दारातून बघून परत फिरू नकोस, आत जा. मिस्त्री गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "कुशल कितीला येतो?"

मी साडेसहा सांगितलंय.

मैथिली