सवयीचा होकार

बाबा, काका गेले. तुमचे चुलतभाऊ, ज्यांना तुम्ही शेवटपर्यंत दादा म्हणत होता आणि ज्यांनी शेवटची काही वर्षं तुमच्याकडे बघितलंही नाही. बातमी कळली तेव्हा मी भाजी निवडत होते. निवडून झाल्यावर लक्षात आलं की तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती तुम्ही गेल्यानंतरची आहे. पण आधी तो रविवार लिहायला हवा. त्याच्याबद्दल आपण घरात कधीच बोललो नाही.

घाटकोपरच्या टेकडीखालची आपली चाळ, आणि तिच्या टोकाला गावकऱ्यांची खोली. गावाहून नोकरीला आलेले एकटे पुरुष तिथे राहत. भिंतीला वळकट्या, कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. लग्नाआधी तुम्हीही तिथेच राहिलात. पुढे मुलुंडच्या ओतकामाच्या कारखान्यात लागलात, आणि तिथल्या एका नगरकडच्या फिटरने तुम्हाला बायबल वाचायला दिलं. आई भाकऱ्या थापायची आणि तुम्ही पिंपाला टेकून वाचायचात. आम्हाला वाटायचं, वाचतील आणि परत करतील. मग एक दिवस तुम्ही ओल्या केसांनी घरी आलात.

"केस कशान ओले?" आईने विचारलं.

"पवईच्या तलावात बाप्तिस्मा घेतलंय."

आईचा हात पिठातच राहिला. "आणि गावाक काय सांगतलास?"

"इचारल्यानी तर खरा तां सांगतलंय."

त्यांनी विचारलं. गणपतीच्या आधी एका रविवारी गावकीने तुम्हाला खोलीत बोलावलं. वाद घालायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, काकांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि तुम्ही देवापुढच्या पाटावरचा नारळ घ्यायचा, म्हणजे झालं गेलं संपलं, असं ठरलं होतं. नाही तर वाळीत. माझं लग्न त्याच गावातल्या घरात जमलं होतं, काकांनीच जमवलेलं. तेही त्या नारळावर ठरणार होतं, हे मला माहीत होतं आणि तुम्हालाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आई आणि मी बाहेर गॅलरीत उभ्या राहिलो. दार उघडं होतं.

काका तसबिरीपुढे उभे आहेत. डोक्यावर टोपी, हात जोडलेले. तुम्ही मधोमध बसला आहात, मान खाली. तुम्ही नाही म्हणणार, हे तुम्ही आईला सकाळीच सांगितलं आहे. काका सुरू करतात.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इला हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली म्हणते.

"त्येची मती कोणी फिरवली आसात, तर ती जाग्यार आण, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी त्यात एक आवाज जास्त आहे. भट्टीच्या घरघरीवर मात करायची सवय असलेला, जाडा, मोठा. तुमचा.

आणि खोली हसली. पोटापासून, सुटका झाल्यासारखी. "इलो रे इलो! येशूक सोडून इलो!" कोणीतरी तुमच्या पाठीवर थाप मारली. "वयनीनू, चाय टाका!" आईने माझं मनगट घट्ट धरलं. काकांचे डोळे भरले होते. त्यांनी नारळ तुमच्या हातात दिला आणि म्हणाले, "मेल्या, केवढो घोर लावलंस!"

गाऱ्हाण्याला तुम्ही जन्मभर तसं उत्तर देत आला होता. होळीला, जत्रेत, दर गणपतीला. तो शब्द तुमच्या इच्छेची वाट बघत थांबला नाही. तुम्हाला फक्त गप्प राहायचं होतं. नारळ तसाही हातात होता. मी मनात म्हटलं, बाबा, गप्प राहा.

तुम्ही नारळ पाटावर परत ठेवला. "दादा, तां सवयीन तोंडातसून इला. माझो होकार नाय."

काकांनी दाराकडे, आमच्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "गप रव. कोणी ऐकूक नाय. नारळ घे नि घराक जा. चेडवाचा लगीन आसा."

"तुम्ही ऐकलास मां," तुम्ही म्हणालात. "देवान पण ऐकल्यान."

चहा उकळत होता. तो कोणी प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी नळावरच्या रांगेतून आपला हंडा उचलून बाजूला ठेवलेला होता. हळदीकुंकवाची बोलावणी आपलं दार सोडून पुढे जाऊ लागली. गावाहून निरोप आला की गणपतीला येऊ नका. लग्न मोडलं. पुढे एकदा तुम्ही प्रार्थनेहून परतताना खोलीतल्या दोघांनी तुम्हाला चढावर गाठलं. तुम्ही फुटलेल्या ओठाने घरी आलात, हातात गटारातून काढलेलं बायबल. आईचा तेव्हा त्या पुस्तकावर विश्वास नव्हता. तिने पानं सुटी केली, धुतली आणि पापड वाळत घालावेत तशी उन्हात पसरली. नंतर दाभणाने शिवली. मी काकांना एक शिवी दिली. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवत नव्हता, त्या दिवशी चढवलात.

"तेंका शिवी घालू नको. माझी माणसा ती."

मग ओठ पुसत तुम्ही मला बायबलातल्या त्या तिघांची गोष्ट सांगितली, राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून भट्टीत टाकलेल्यांची. तुम्ही रोज भट्टीजवळ उभे राहणारे. भुवया अर्ध्या जळलेल्या. "त्या तिघांक चटको बसलो नाय," तुम्ही म्हणालात. "आपल्याक बसतलो. तेच्यासाठी तयार रवाक होया." विश्वासाबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, शिकवलंही. त्याहून खरं वाक्य मला सापडलं नाही. लग्न मोडलं म्हणून मी शिकत राहिले. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण तुम्हाला तेव्हाही नव्हतं.

आता राहिलेली गोष्ट. तुम्हाला पुरलं त्या दिवशी खांदा कारखान्यातल्या लोकांनी दिला. गावकीतून कोणी आलं नव्हतं. पाळकांची प्रार्थना अर्ध्यावर असताना काका फाटकातून आत आले. चपला बाहेर काढून, डोक्यावर तीच टोपी. ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले. पाळक म्हणत होते, या तुझ्या लेकराला तुझ्याजवळ घे. प्रार्थना संपली, आम्ही आमेन म्हटलं, आणि मागून काकांचा आवाज आला, गावकीत यायचा तसाच.

"व्हय म्हाराजा."

पाळकांनी डोळे उघडले. आई वळली नाही. काकांनी मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता निघून गेले. ते सवयीने आलं होतं की होकार होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही. तुम्ही विचारलं असतंत, आणि त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं असतं.

हे कागद मी आईने शिवलेल्या पुस्तकात ठेवते आहे. सांगायचं राहिलं ते एवढंच की त्या दिवशी मी आमेन म्हटलं, आणि काकांच्या मागोमाग, हळू, ते दुसरंही म्हटलं. माझ्या तोंडून ते सवयीने आलेलं नव्हतं.